चिनी मातीचं सोवळं

पुण्यातल्या कुठल्याही स्टुडिओ पॉटरीच्या वर्गात एक काका असतातच. खादीचा कुडता, कोपरापर्यंत पांढरी माती आणि समोरच्याच्या हातातलं अवजार पाहून चढलेली भुवई. लाल मातीची पायरी त्यांनी केव्हाच ओलांडलेली असते. आता फक्त पोर्सिलेन. "आणि हाताने, बरं का!"

काकांचं श्रेय काकांना दिलंच पाहिजे. पोर्सिलेन चाकावर उभं करायचं म्हणजे नाकी नऊ येतात. माती अंगाने भुसभुशीत, चिकटपणा बेताचा. पाण्याचा हात जरा सैल पडला की चढवलेली भिंत मटकन खाली बसते. शिवाय माती डूख धरते. ओल्या पेल्याची कड वाकली आणि तुम्ही ती हळूच सरळ केलीत, तरी १२८० अंशांच्या भट्टीतून ती पुन्हा वाकडी होऊन बाहेर येते. हे सगळं सांभाळून काका जे पेले करतात, ते खरोखर देखणे असतात. अडचण पेल्यांची नाही, सोवळ्याची आहे.

सोवळ्याचा नियम साधा: काकांकडे आहे ते हत्यार, नाही ते यंत्र. विजेचं चाक चालतं, कारण "मोटर चाक फिरवते, भांडं मी करतो." डिजिटल कंट्रोलरची भट्टी चालते, कारण "अग्नी तो अग्नीच." दुकानातली सिलिकॉनची रिब मात्र बाटलेली, काका भांडं गुळगुळीत करतात ते मुदत संपलेल्या क्रेडिट कार्डाने. माती मळून देणारं पगमिल म्हणजे परवापरवापर्यंत कलेचा अधःपात होता. मग काकांचा खांदा धरला. आता मळणं ही कलाच नव्हे, ती हमाली आहे.

ज्यांच्या पिढ्या दांड्याने चाक फिरवण्यात गेल्या, त्या कुंभारांना खादी आणि ग्रामोद्योग आयोग २०१८ पासून विजेची चाकं देतो आहे. मोटर आली म्हणून त्यांच्यातल्या कुणी सुतक पाळल्याचं ऐकिवात नाही. ते खातं काकांनी परस्पर सांभाळलंय.

काकांची काशी म्हणजे चीनमधलं पोर्सिलेनचं शहर, जिंगदेझेन. कुणी साचा वापरला की काका कळवळून म्हणायचे, "अरे, जिंगदेझेनला हजार वर्षं हातांनी काम झालं!" मग एके दिवशी कुरियरने काकांच्याच घरी साचा आला. तेव्हा कळलं की चाकावर केलेला वाडगा साच्यावर थापून सारखा करायची रीत जिंगदेझेनचीच. खरंही आहे ते. फक्त काकांच्या इतिहासात ते खोक्यासोबत आलं.

आता काकांनी माती मळायला एक मुलगा ठेवलाय. तासायला दुसरा आणि झिलई चढवायला एक विद्यार्थिनी. विचारलंत तर काका सोंग यिंगशिंग या चिनी पंडिताचा १६३७ सालचा ग्रंथ काढतात. एक पेला पुरा व्हायला ७२ हातांतून जातो, असं त्यात लिहिलंय.

"मग सर, त्यातले तुमचे हात कितवे?" विद्यार्थिनीने निरागसपणे विचारलं.

"शेवटचे," पेला उपडा करत काका म्हणाले. "सहीचे."