डीबग सिम्बॉल आणि नाणेघाटातले पाय

सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला प्रोग्राम एकदा मशीन कोड झाला की प्रोसेसरला नावांशी काही देणेघेणे उरत नाही. प्रोग्रामरने अर्धा दिवस वाद घालून ठरवलेले फंक्शनचे नाव त्याच्या लेखी केवळ एक पत्ता असते. कोणता पत्ता कोणत्या फंक्शनचा, कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीतून आलेला, ही नोंद म्हणजे डीबग सिम्बॉल. फाइल आणि ओळीपर्यंतचा तपशील हवा असेल तर जीसीसी किंवा क्लँगला ‘-जी’ हा पर्याय द्यावा लागतो. लिनक्स व अँड्रॉइडवर ही माहिती ‘ड्वार्फ’ नावाच्या स्वरूपात साठते. नाव बुटक्याचे असले तरी देह तसा नाही; मूळ कोडच्या कित्येक पट जागा तो सहज व्यापतो.

रिलीज बिल्ड म्हणजे सिम्बॉल बंद, हा समज मात्र चुकीचा आहे. ऑप्टिमायझेशन आणि डीबग माहिती या दोन स्वतंत्र कळा आहेत. जीसीसीत ‘-जी’ दिल्याने तयार होणारा मशीन कोड बदलत नाही. सीमेकमध्ये दोन्हींसाठी ‘रेलविथडेबइन्फो’ अशी, शिंकताना टाइप केल्यासारखी दिसणारी बिल्ड पद्धत आहे. तिची गरज पाहायची तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांचे सिग्नल येतील तसे एकत्र करायचे असतात. असल्या कामाचा प्रोग्राम सिम्बॉलसाठी ऑप्टिमायझेशन काढून चालवणे म्हणजे पल्सारला ‘जरा दम धर’ सांगणे.

फोनचा प्रश्न वेगळा. मंचरच्या बाजार समितीत कांद्याचा भाव पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या फोनमध्ये लग्नाचे व्हिडिओ भरून उरलेली जागा ॲपला मिळते. तिथे ड्वार्फ पाठवण्यात अर्थ नाही. म्हणून अँड्रॉइडचे ग्रेडल प्लगइन पॅकेज करतानाच नेटिव्ह लायब्ररी ‘स्ट्रिप’ करते. बाहेरून हाक मारता यावी एवढीच नावे मागे राहतात. पुढे ॲप कोसळले की पंचनामा लिहिला जातो (अँड्रॉइड त्या फाइलला खरोखरच ‘टूमस्टोन’ म्हणते) आणि त्यात पत्त्यांची रांग असते. मयत कोण, ते लिहिलेले नसते.

याच्या नेमका उलट नमुना जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या आणि वर ब्राह्मीत त्यांची नावे. प्रतिमा गेल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. नावे बरीचशी वाचता येतात: सिमुक, नागनिका, सातकर्णी, महारठी त्रणकयिर, हकुसिरी. सुमारे दोन हजार वर्षे सिम्बॉल टेबल टिकले, बायनरी गहाळ! तरी नावाखालीच पाय असल्याने कोण कुठे उभे होते हे कळते. फोनवर न पाठवता वेगळ्या काढलेल्या सिम्बॉल फाइलला ही सोय नाही. ती कोणत्या लायब्ररीची, हे ओळखायला बिल्ड आयडी लागतो. लिंकर साधारणपणे 40 हेक्स अंकांचा हा क्रमांक मूळ लायब्ररीत घालतो; स्ट्रिप केल्यावरही तो टिकतो आणि वेगळ्या काढलेल्या फाइलमध्येही तोच असतो.

लिनक्सवर ‘ऑब्जकॉपी’ने डीबग भाग बाजूला काढता येतो. अँड्रॉइडमध्ये रिलीज बिल्डच्या एनडीके विभागात ‘डीबगसिम्बॉललेव्हल’ लिहावे लागते. ‘सिम्बॉल_टेबल’ दिल्यास फक्त फंक्शनची नावे मिळतात. ‘फुल’ दिल्यास फाइल आणि ओळही. ही सिम्बॉल फाइल ॲप बंडलसोबत प्ले कन्सोलकडे जाते, ग्राहकाच्या फोनवर उतरत नाही. जागेची अडचण नसेल तर ‘फुल’च निवडावे. फंक्शन सहाशे ओळींचे असेल (आणि ते असते) तर नुसत्या नावाने फारसे हाती लागत नाही.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो जपणुकीत. बिल्ड सर्व्हर कामानंतर फोल्डर झाडून टाकतो आणि त्यात सिम्बॉलही जातात. मग तोच कोड पुन्हा बिल्ड करू, असे कुणीतरी उत्साहाने सुचवते. पण कंपायलरची आवृत्ती जरा पुढची निघाली तरी पत्ते सरकतात आणि पंचनाम्यात भलत्याच फंक्शनचे नाव लागते. म्हणून प्रत्येक प्रकाशित आवृत्तीची फाइल बिल्ड आयडीसह वेगळी ठेवतात आणि ती आवृत्ती शेवटच्या फोनवरून जाईपर्यंत पुसत नाहीत. ‘अपडेट करा’ला मंचरच्या बाजारात ‘नंतर बघू’ हे उत्तर मिळते, हे धरून डिस्क जरा मोठीच घ्यावी.