गेल्या पाच वर्षांत

इंग्लंडात गाडीचा विमा काढायला बसलं की सुरुवातीचा पाव तास बरा जातो. जन्मतारीख काय, नोकरी कसली, लग्न झालंय का, वर्षाला गाडी किती मैल फिरते, रात्री कुठे उभी असते. या शेवटच्या प्रश्नाला 'गराजमध्ये' असं उत्तर द्यावंसं फार वाटतं. गराज असतंही. पण त्यात भारतवारीच्या बॅगा, जुना टीव्ही, गणपतीचं मखर आणि कुणीतरी कधीतरी चालवील म्हणून ठेवलेली सायकल असल्यामुळे गाडी बापडी बाहेर भिजत असते. तरीही इथपर्यंत प्रामाणिकपणाला फारशी तोशीस पडत नाही. मग पुढचं पान उघडतं आणि विचारणा होते : गेल्या पाच वर्षांत तुम्हाला वाहतुकीच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा, दंड किंवा पेनल्टी पॉइंट झाले आहेत का?

खाली दोन बटणं. हो आणि नाही. आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर 'हो, पण' असं आहे आणि तसं बटण कुठल्याच कंपनीने ठेवलेलं नाही.

पॉइंट हिचे आहेत. गाडीही हिच्या नावावर, विमाही हिचाच. मी त्यात दुसरा ड्रायव्हर, म्हणजे पेट्रोल भरायला आणि पार्किंग शोधायला. झालं असं, की माझी आई मुंबईहून येत होती आणि तिचं विमान कधी नव्हे ते वेळेआधी उतरलं. हीथ्रोच्या वाटेवर तीस मैलांच्या रस्त्यावर हिची गाडी सदतीसने गेली. पुण्यात याला वेग म्हणत नाहीत. मागचा हॉर्न वाजवतो. इथे पिवळ्या डब्यातल्या कॅमेऱ्याने फोटो काढला आणि नियमाप्रमाणे चौदा दिवसांच्या आत पत्र घरी आलं. शंभर पौंड दंड, तीन पॉइंट.

वास्तविक एवढ्याशा वेगाला इथे कोर्सवर भागतं. तीसच्या रस्त्यावर पस्तीस ते बेचाळीसच्या दरम्यान सापडलात तर पैसे भरायचे, थोडा वेळ शहाण्यासारखं बसून ऐकायचं, पॉइंट नाहीत. पण ही सवलत तीन वर्षांतून एकदाच, आणि हिने ती आधीच एका वीस मैलांच्या गल्लीत खर्च केली होती. तो कोर्स तिला अजून आठवतो. ऑनलाइन होता. शिकवणाऱ्याने प्रत्येकाला विचारलं, तुम्ही वेगात का होतात? या अख्ख्या ब्रिटिश यंत्रणेत 'का' हा प्रश्न विचारला जातो ती ही एकमेव जागा. कुणाला ट्रेन गाठायची होती, कुणाचं आइस्क्रीम वितळत होतं. हिची पाळी आली तेव्हा हिने शाळा, पालकसभा, आदल्या रात्रीचा पाहुणा आणि शेजाऱ्याची गाडी आमच्या गाडीच्या आड कशी उभी होती ते सगळं सांगितलं. शेवटी मास्तरांनी तिला म्यूट केलं. तरी ती समाधानाने उठली.

पॉइंटचं पत्र आलं तेव्हा मात्र कारण लिहायला जागा नव्हती. आपण ज्या देशात वाढलो तिथे रजेच्या अर्जातसुद्धा 'घरगुती अडचणीमुळे' असं लिहिल्याशिवाय अर्ज पुरा होत नाही. इथे तारीख, कोड आणि पॉइंट, बस्स. आणि दर वर्षी विम्याच्या फॉर्मवर तेच पुन्हा. दंडाचं हिला काही नाही. कारणाशिवाय कबुली द्यावी लागते, हे हिला सोसत नाही.

बातमी मराठी मंडळींत पोचायला वेळ लागला नाही. दिवाळीच्या फराळाला एका काकांनी हिला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, पत्रात विचारतात ना, गाडी कोण चालवत होतं? यांचं नाव टाकायचं. यांचं लायसन कोरं आहे." माझ्या कोऱ्या लायसनकडे सगळ्यांनी अशा नजरेने पाहिलं, की मी आयुष्यात काहीच केलं नाही असं मलाच वाटू लागलं. तेव्हा मला ख्रिस ह्यून यांची गोष्ट सांगावी लागली. हे गृहस्थ २००३ साली विमानतळावरून घरी येताना कॅमेऱ्यात सापडले. तेव्हा ते युरोपियन संसदेचे सदस्य होते. पॉइंट बायकोने, विकी प्राइस या नामवंत अर्थतज्ज्ञ बाईंनी, आपल्या नावावर घेतले. पुढे गृहस्थ मंत्री झाले, दुसऱ्या बाईंसाठी घर सोडलं, आणि पहिल्या बाईंना ते तीन पॉइंट आठवले. मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. यातली खरी मौज अशी, की लायसन वाचवायला एवढा खटाटोप केला आणि त्याच २००३ साली ह्यूनसाहेब गाडी चालवताना मोबाइलवर बोलताना सापडले व लायसन गेलंच.

गोष्ट ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे संसार नीट चालला असता तर काही झालं नसतं." एका चिरोट्याच्या अवधीत काकूंनी खटल्याचा निकाल लावला. हिने माझ्याकडे पाहिलं. मी चकली घेतली.

आमच्या मंडळींत आता या कोडांची उतरंडही ठरून गेली आहे. एसपी ३०, म्हणजे वेगमर्यादा ओलांडणं, हे चारचौघांत बोलायचं. ते नसेल तर तुमच्याकडे गाडी आहे का अशी शंका येते. टीएस १०, म्हणजे सिग्नल तोडणं, हे हसत हसत सांगतात. सीयू ८० हा मोबाइलचा, त्याला सहा पॉइंट, आवाज खाली. आयएन १०, विम्याशिवाय गाडी, हा सहसा कुणाच्या तरी भाच्याचा असतो. आणि डीआर १०, म्हणजे दारू, याचा उच्चार मंडळात कुणी करत नाही. फक्त एखादे सद्गृहस्थ अचानक सगळीकडे बसने यायला लागतात आणि पर्यावरणावर बोलू लागतात. तो शेरा लायसनवर अकरा वर्षं राहतो.

सर्वांत दया येते ती नव्याने आलेल्यांची. वीस वर्षं खंबाटकी घाट कोळून प्यायलेला सातारकर इंजिनिअर इथली परीक्षा पास होतो आणि पुढची दोन वर्षं सरकारदरबारी नवशिका असतो. त्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले, की लायसन रद्द, पुन्हा 'एल' लावून पहिल्यापासून.

हिचे तीन पॉइंट किती दिवस मोजायचे, हाही साधा प्रश्न नाही. तीन वर्षांत बारा झाले तर लायसन जातं, म्हणून त्या हिशेबात ते तीन वर्षं धरतात. स्वॉन्झीच्या सरकारी लायसन-दप्तरात चार वर्षं राहतात, मग पुसले जातात. विमा कंपनी मात्र पाच वर्षांचं विचारते. म्हणजे मधलं एक वर्ष असं येतं, की सरकार विसरलेलं असतं आणि कंपनी विसरलेली नसते. लायसन कोरं दिसतं म्हणून पुष्कळ भले लोक याच वर्षात 'नाही'चं बटण दाबून फसतात. पाच वर्षांनंतर सांगायची गरज नाही, तसा १९७४ चा कायदाच आहे. माझ्या आईला मात्र हा कायदा लागू होत नसावा. "माझ्यामुळे पॉइंट? मी तर ट्रॉलीवर बसून निवांत चिवडा खात होते," हे ती दर खेपेला उतरल्या उतरल्या सांगते.

आणखी एक गोष्ट. लायसनचा नंबर दिला तर कंपनीला तुमचे पॉइंट सरकारी नोंदीतून थेट बघता येतात. २०१४ पासून तशी सोय आहे. तरी ती विचारते. उशिरा घरी आलेल्या मुलाला वडील घड्याळाखाली उभं राहून "किती वाजले?" विचारतात, त्यातलाच हा प्रकार.

पुण्याला माझ्या सासऱ्यांना हे सगळं पटत नाही. त्यांच्या स्कूटरवर ई-चलानांची माळ आहे आणि ती लोकअदालतीत तडजोडीने सुटेल यावर त्यांची श्रद्धा आहे. विमा कंपनीने त्यांना कधी अवाक्षराने विचारलेलं नाही. क्लेम केला होता का विचारतात. केला नसेल तर सूट वीस टक्क्यांपासून चढत पन्नासपर्यंत जाते. "आमच्याकडे गाडी कशी आहे ते बघतात," ते म्हणाले, "माणूस कसा आहे ते बघत नाहीत." २०२१ मध्ये विमा नियामकाच्या एका कार्यगटाने वाहतूकभंगाप्रमाणे हप्ता वाढवण्याची सूचना केली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं वय झालं आहे.

पण एक सूत्र त्यांनी दिलं : "विचारलं तेवढंच सांगावं, आणि विचारलं तर खोटं सांगू नये." इंग्रजांना इथपर्यंत यायला अडीचशे वर्षं लागली, हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. १७६० च्या सुमारास सुमात्रा बेटावरच्या मार्लबरो किल्ल्याच्या गव्हर्नराने, कार्टर त्याचं नाव, किल्ला परक्यांच्या हाती पडला तर भरपाई मिळावी असा विमा लंडनला उतरवला. फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमेवाला बोहम म्हणाला, किल्ला इतका लेचापेचा आहे हे सांगितलं का नाहीस? १७६६ मध्ये न्यायमूर्ती मॅन्सफील्ड यांनी निकाल कार्टरच्या बाजूने दिला, पण तत्त्व असं सांगितलं, की विमा घेणाऱ्याला जे ठाऊक आहे आणि देणाऱ्याला नाही, ते लपवू नये. १९०६ च्या कायद्याने ते पक्कं केलं. मग कितीतरी वर्षं गिऱ्हाइकाने न विचारलेलंही आपणहून सांगायचं, अशी रीत होती. आमची ही त्या काळात इथे असती तर विमा कंपन्यांनीच कायदा बदलून मागितला असता.

तो शेवटी २०१२ मध्ये बदलला. आता आपल्यासारख्या साध्या गिऱ्हाइकाने विचारलेल्या प्रश्नाला काळजीपूर्वक खरं उत्तर द्यावं, इतकंच. हलगर्जीपणाने चुकलात तर क्लेमच्या रकमेत त्या प्रमाणात काटछाट होऊ शकते. जाणूनबुजून चुकलात तर पॉलिसी मुळातच नव्हती असं धरतात, आणि भरलेला हप्ताही सहसा परत मिळत नाही. शिवाय पुढच्या फॉर्मवर एक नवा प्रश्न तुमची वाट बघत असतो : कुठल्या कंपनीने तुमची पॉलिसी कधी रद्द केली होती का? त्याला बहुधा पाच वर्षांची मुदतही नसते.

यंदा हिने फॉर्म भरायचा नाही असं ठरवलं. "माणसाशी बोलते," म्हणाली. फोन स्पीकरवर टाकला. कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होत आहे, असं पलीकडून सांगण्यात आलं आणि हिचा चेहरा उजळला. एका तरुण, सौम्य आवाजाने विचारलं, गेल्या पाच वर्षांत काही? हिने खुर्ची ओढून घेतली. मुंबईचं विमान, वेळेआधी उतरणं, सासूबाईंचे गुडघे, टर्मिनलच्या बाहेरचा वारा, तीसची पाटी झाडाच्या फांदीआड कशी होती, सगळं नोंदवलं गेलं. पोराने एकदाही तोडलं नाही. शेवटी तो म्हणाला, "सासूबाई आता बऱ्या आहेत ना?" हिच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं.

मग त्याने कोड विचारला, तारीख विचारली, आणि त्याच सौम्य आवाजात म्हणाला, "आणि तुमचे मिस्टर? त्यांचं काही?"

हिने फोनवर हात ठेवला. "अहो, तुमच्याबद्दल विचारतोय."

"नाही म्हण," मी म्हटलं.

"एवढंच?"

"विचारलं तेवढंच सांगावं. तुझे बाबाच म्हणतात."

हिने हात काढला आणि "नो" म्हणाली. पण त्याआधी जो मोठा सुस्कारा सोडला तोही प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड झाला आहे, आणि यंदाच्या हप्त्यातले निदान दहा-वीस पौंड त्याचे असावेत, असा मला दाट संशय आहे.