वरून प्रॉब्लेम

तालुक्याच्या गावात डॉक्टर, वकील आणि मोजणीदार यांच्यापेक्षाही जास्त आतुरतेनं ज्याची वाट पाहिली जाते असा एकच माणूस आता उरला आहे. तो म्हणजे नेटवाले भाऊ. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव असतं, ते आधारकार्डावर छापलेलंही असतं. पण शेवगाव असो, राहुरी असो की जामखेड, गावाच्या मोबाइलमध्ये ते 'नेटवाले', 'नेटवाले नवीन' आणि 'नेटवाले उचलत नाहीत' अशाच नावांनी साठवलेले असतात.

भाऊंचं वय तीस ते पंचेचाळीसच्या मधलं कुठलंही असू शकतं. शिक्षण विचारलं तर 'डिप्लोमा, दोन विषय राहिलेत' असं उत्तर मिळतं. ते विषय कोणते, हे विचारायची रीत नाही. स्प्लेंडरच्या हँडलला केबलचं भेंडोळं अडकवलेलं. पाठीवरच्या सॅकमध्ये पक्कड, टेस्टर, क्रिंपिंग टूल, जॅकची पुडी, फायबर तपासायचा लाल उजेडाचा पेन, काळी चिकटपट्टी आणि एक जुनी ड्रायव्हरची सीडी. ती सीडी घालायला आता कुठल्याच कॉम्प्युटरला जागा उरलेली नाही, तरी भाऊ ती टाकत नाहीत. कुणाचा जुना कॉम्प्युटर कधी जागा होईल, सांगता येत नाही.

भाऊंना फोन केला की पलीकडून एकच उत्तर येतं.

"हे काय, निघालोच."

कुठून निघाले, हे ते सांगत नाहीत. अंथरुणातून निघाले असतील, किंवा मागच्या गिऱ्हाइकाकडून निघायचा विचार करत असतील. त्यांचा दोष नाही. क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यांत मोठा जिल्हा हा, नगरचा. १७,०४८ चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. एका टोकाला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, दुसऱ्या टोकाला जामखेडचं माळरान. वाइड एरिया नेटवर्क, म्हणजे वॅन, नावाची गोष्ट ज्यांनी शोधली, त्यांनी एवढा एरिया एका स्प्लेंडरवर फिरून पाहिला नसणार.

आल्यावर भाऊ कॉम्प्युटरकडे बघतसुद्धा नाहीत. ते पतसंस्थेच्या हॉलमध्ये उभे राहतात, सगळ्यांवरून एक नजर फिरवतात आणि विचारतात, "कुणी हात लावला होता का?"

कुणीच लावलेला नसतो. मॅनेजरनं नाही, कॅशियरनं नाही, पिग्मी एजंटनं तर मुळीच नाही. मग भाऊ वाकून टेबलाखाली बघतात. राउटरची पिन काढून तिथं शिपायानं मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. भाऊ काही बोलत नाहीत. पिन बदलतात, हात झटकतात आणि मॅनेजरला सांगतात, "वरून प्रॉब्लेम होता साहेब. सांगितलं मी त्यांना." शिपाई त्या दिवसापासून भाऊंचा जन्माचा ऋणी होतो. पुढं कधीही नेट गेलं तरी भाऊंचा चहा आधी येतो, चेअरमनचा नंतर.

भाऊंची विद्या आकड्यांची आहे. फोनवर त्यांना लक्षणं सांगितलेली चालत नाहीत, पडद्यावर कुठला आकडा आला एवढंच हवं असतं.

"भाऊ, सहाशे एक्क्याण्णव आलंय."

"पासवर्ड चुकलाय. नसेल चुकला तर बिल थकलंय. आधी बिल भरा, मग फोन करा."

सहाशे एक्कावन्न आलं तर मोडेमपर्यंत लाइनच पोचलेली नाही. सहाशे अठ्ठ्याहत्तर आलं तर पलीकडचा उत्तर देत नाही. गावातली माणसं आता या आकड्यांत इतकी तयार झाली आहेत की एका सोसायटीच्या सेक्रेटरीनं थकबाकीदाराच्या घरून परत आल्यावर चेअरमनला एवढंच सांगितलं, "सहाशे अठ्ठ्याहत्तर." चेअरमनला बरोबर कळलं.

पण खरा कस लागतो तो सातशे वीसला. हा आकडा आला की भाऊ खुर्ची ओढून बसतात आणि पंखा वाढवायला सांगतात. विंडोजच्या पोटात 'वॅन मिनीपोर्ट' नावाचे अ‍ॅडॅप्टर असतात. बाहेरच्या जगाशी डायल करून जोडायचं, व्हीपीएन लावायचं, ही सगळी कामं त्यांच्यामार्फत होतात. हे हातात धरता येत नाहीत. नुसते सॉफ्टवेअरचे, पडद्यावर ओळीनं मांडलेले. त्यातला आयपीचा मिनीपोर्ट बिघडला की सातशे वीस येतं. तो काढून टाकावा म्हटलं तर कित्येकदा विंडोज काढूच देत नाही. भाऊंचा उपाय ठरलेला आहे. ड्रायव्हर बदलायच्या यादीत जायचं, 'जुळणारेच दाखवा' ही खूण काढायची, त्या मिनीपोर्टच्या माथी दुसऱ्याच कुठल्या तरी अ‍ॅडॅप्टरचा ड्रायव्हर मारायचा, आणि मग तो काढायचा. आता मुकाट निघतो. नंतर नवीन हार्डवेअर शोधायला सांगितलं की विंडोज ताजा मिनीपोर्ट स्वतःच बसवतं.

"जिल्हा परिषदेत असंच असतंय साहेब," भाऊ मॅनेजरला समजावतात. "ज्याला काढता येत नाही, त्याची आधी बदली करायची."

हात लागलाच आहे तर भाऊ आठही मिनीपोर्ट असेच ताजे करून टाकतात. या कामाला वीस मिनिटं लागतात आणि बिलावर भाऊ प्रामाणिकपणे लिहितात, 'वॅन अ‍ॅडॅप्टर ८, इन्स्टॉल व कॉन्फिगर'. इथंच घोळ होतो. पतसंस्थेचा क्लार्क त्यांच्याहून प्रामाणिक. तो डेडस्टॉक रजिस्टरला नोंद घालतो, 'वॅन अ‍ॅडॅप्टर, नग ८'. मार्चनंतर ऑडिटर येतात. खुर्च्या मोजतात, कपाटं मोजतात, तिजोरीला हात लावून बघतात आणि विचारतात, "हे आठ नग कुठं आहेत? दाखवा."

भाऊंना बोलावणं जातं. भाऊ येतात, डिव्हाइस मॅनेजर उघडतात आणि बोट ठेवून मोजून दाखवतात. आयपी, आयपीव्ही-सिक्स, पीपीपीओई, पीपीटीपी, एलटूटीपी, एसएसटीपी, आयकेई-व्ही-टू आणि नेटवर्क मॉनिटर. भरले आठ.

"हे चित्र झालं," ऑडिटर म्हणतात. "वस्तू दाखवा."

"वस्तूच नसते साहेब."

"मग घसारा कशावर धरायचा?"

या प्रश्नावर सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनंही विचार केलेला नसणार. शेवटी ऑडिटर रजिस्टरमध्ये शेरा मारतात, 'नग प्रत्यक्ष आढळले नाहीत, परंतु चालू स्थितीत आहेत.' सहकाराच्या या जिल्ह्यात, जिथं १९५०च्या सुमारास प्रवरेकाठी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथं असा शेरा कुणाला खटकत नाही.

भाऊंचं इतिहासाचं ज्ञान त्यांच्या कामातून आलेलं आहे. त्यांना दोन सनावळ्या पाठ आहेत. नगर शहर वसलं १४९० ला, आणि पीपीपीओईचा एमटीयू १४९२. एमटीयू म्हणजे एका खेपेला किती माल पाठवायचा त्याची मर्यादा. साध्या इथरनेटला ती १५०० बाइटची असते. पीपीपीओई, म्हणजे पासवर्ड देऊन नेट जोडायची पद्धत, स्वतःची चिठ्ठी चिकटवायला त्यातले ८ बाइट खातं, उरतात १४९२. हा आकडा चुकला की मोठी मजा होते. गुगल उघडतं, युट्यूब चालतं, नातवाचा व्हिडिओ कॉल लागतो, पण बँकेची साइट अर्ध्यात पांढरी होऊन बसते. गिऱ्हाईक म्हणतं, "नेट तर चालू आहे, बँकच बंद आहे." बँक म्हणते, "आमचं चालू आहे, तुमचंच नेट बंद आहे." भाऊ येतात, १५००चे १४९२ करतात आणि दोघांनाही खरं ठरवून निघून जातात. "शहराची स्थापना अधिक दोन" एवढं लक्षात ठेवलं की झालं, असं ते शिकाऊ पोरांना सांगतात. शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं तेव्हा चार जणांनी त्यांना काळजीनं विचारलं, सेटिंग बदलावं लागेल का? भाऊ म्हणाले, "नाव बदललं, आयपी तोच हाये."

भाऊंच्या आधी त्यांचे गुरू होते. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढं काही वर्षांनी ते तालुक्याला पोचलं तेव्हाचे गुरुजी कॉम्प्युटरचं झाकण उघडून मोडेमचं कार्ड बसवायचे, कॉम पोर्ट जुळवायचे, आणि मग ते मोडेम असं काही किंचाळायचं की शेजारचे धावत यायचे. माजघरात आजीनं रिसीव्हर उचलला की जगाशी संबंध तुटायचा. वारणानगरला १९९८ मध्ये ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायचा प्रकल्प आला तेव्हा हे गुरुजी वर्तमानपत्राचं कात्रण खिशात घालून फिरत होते. बँकांच्या शाखांना ६४ केबीपीएसच्या लीज्ड लाइन आल्या. राउटरच्या पाठीत खुपसायची ती जाडजूड व्ही-पस्तीसची केबल हातात धरली की काहीतरी भरीव बसवल्यासारखं वाटे, आणि गिऱ्हाईक पैसे देताना कुरकुरत नसे. २००५ मध्ये ब्रॉडबँड आलं, मग फायबर आला. वस्तू बारीक होत गेली आणि बिलावरची घासाघीस वाढत गेली. हा भाऊंचा अर्थशास्त्रातला एकमेव सिद्धांत आहे आणि तो अजून कुणी खोडलेला नाही.

फायबरनं भाऊंना एक नवा त्रास दिला तो उणे चिन्हाचा. मीटरवर उजेडाची ताकद उणे आकड्यात येते. उणे वीस म्हणजे झकास, उणे तीस म्हणजे गेलं.

"मायनसमध्ये आहे म्हणता, आणि चांगलं म्हणता?" चेअरमन संशयानं विचारतात.

"साहेब, मायनसमध्ये असून झकास चाललेलं तुम्ही कधी पाह्यलंच नाय का?"

चेअरमन लगेच विषय बदलतात.

भाऊंचे शत्रू ऋतूप्रमाणे बदलतात. गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्यावरच्या तारा ओढत कारखान्यापर्यंत नेतात. उन्हाळ्यात रस्त्याची कामं निघतात आणि जेसीबीला जमिनीखालची केबल कशी सापडते, याचं संशोधन व्हायला हवं. मोजणीदाराला हद्दीची खूण सापडत नाही, पण जेसीबीला पहिल्याच फटक्यात फायबर सापडतो. निजामशाहीत दूरच्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांनी नगरात आणलं होतं. ते शतकानुशतकं चाललं, कारण तेव्हा जेसीबी नव्हता, असं भाऊंचं मत आहे. संध्याकाळनंतर उसाच्या पट्ट्यातल्या वस्तीवर यायला ते नकार देतात. "बिबट्या हाये तिकडं." ही सबब नाही, तिथं खरंच बिबट्या असतो. पण वस्तीवर जेवणाचा बेत आहे असं कळलं की तो जरा लांब गेलेला असतो, एवढं खरं.

माणसाच्या स्वभावाविषयी भाऊंना विचाराल तर ते शनिशिंगणापूरचं नाव काढतात. ज्या गावातली घरं दारांशिवाय राहण्यासाठी प्रसिद्ध, जिथं २०११ मध्ये यूको बँकेनं बिनकुलपाची म्हणून शाखा काढली, त्या गावातही वायफायला पासवर्ड लागतो. चोरी झाली तर देव बघून घेईल, पण शेजाऱ्यानं फुकट नेट वापरलं तर देवाला कुठून कळणार?

आता त्या 'वरून प्रॉब्लेम'चं. गिऱ्हाइकाला वाटतं ही भाऊंची पळवाट आहे. थोडीफार आहेच. पण हे 'वर' कुठं आहे, ते भाऊंनी खरोखर शोधून पाहिलेलं आहे. तालुक्याचा म्हणतो नगरहून प्रॉब्लेम आहे. नगरचा म्हणतो पुण्याहून. पुण्याचा म्हणतो मुंबईहून. मुंबईत समुद्राखालच्या केबली किनाऱ्याला लागतात. तिथला म्हणतो समुद्रात प्रॉब्लेम आहे. त्याच्या पुढं भाऊंची स्प्लेंडर जात नाही. या सगळ्या 'वर'मध्ये एकालाही चेहरा नाही. तिकीट नंबर आहे, रेकॉर्ड केलेला गोड आवाज आहे, 'आपला कॉल महत्त्वाचा आहे' हे आश्वासन आहे. चेहरा फक्त एकाला आहे, आणि तो पतसंस्थेच्या हॉलमध्ये केबलचं भेंडोळं घेऊन उभा आहे. म्हणून समुद्रात केबल तुटली तरी शिव्या राहुरीतल्या माणसाला बसतात.

आणि एवढं करून पैसे द्यायची वेळ आली की मॅनेजर म्हणतात, "दहा मिनिटांचं तर काम होतं. पुढच्या खेपेला एकदम देऊ." दहा मिनिटांत उरकायला भाऊंना दहा वर्षं लागली, हे बिलावर लिहायला रकाना नसतो. भाऊही हसून "असू द्या साहेब" म्हणतात, कारण पुढची खेप लांब नाही, हे त्यांना ठाऊक असतं. नेटचा पासवर्ड पतसंस्थेनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून ठेवलेला असतो आणि जानेवारीत ते कॅलेंडर रद्दीत जातं. जानेवारीचा पहिला आठवडा ही भाऊंची दिवाळी.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही फोनमध्ये असे एक भाऊ साठवलेले असतीलच. त्यांचं खरं नाव विचारून घ्या, पासवर्ड वहीत उतरवून ठेवा, आणि मागच्या खेपेचे राहिलेले पैसे आजच देऊन टाका. वरून प्रॉब्लेम आला की तेच एकटे खालून येणार आहेत.