वर्सोवा ते घाटकोपर, व्हाया शॅम्पेन

मुंबईच्या उपनगरांत शॅम्पेन येते ती बहुधा सहारच्या विमानतळावर उतरून. परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येते. बाटली ७५० मिलिलिटरची. दोन घेतल्या तर दीड लिटर, तिसरी घेतली तर सव्वादोन. म्हणजे सरकारने देऊ केलेला अर्धा लिटर सोडून द्यावा लागतो, आणि हक्काचे सोडून देणे मुलुंडच्या माणसाला जमत नाही. ड्यूटी-फ्रीच्या दुकानात कपाळाला आठ्या घालून उभा असलेला गृहस्थ बरेचदा हेच गणित करत असतो.

घरी आल्यावर बाटली शोकेसमध्ये जाते. एका बाजूला मुलीची भरतनाट्यमची ढाल, दुसऱ्या बाजूला संगमरवरी ताजमहाल, मध्ये फ्रान्स. शॅम्पेनला गारवा आणि अंधार लागतो. बोरिवलीत तिच्या वाट्याला मे महिना आणि ट्यूबलाइट येते. ‘चांगल्या प्रसंगी उघडू’ असे ठरलेले असते. प्रसंग येतात, दहावीचा निकाल लागतो, पुनर्विकासाच्या करारावर सह्या होतात, पण दर वेळी कोणाचा तरी उपवास निघतो, कोणाचे पथ्य. शेवटी ३१ डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्याला बूच उडते, आणि सोबतीला समोर येतो पाइनॲपल केक.

इथे पेअरिंगचे, म्हणजे कशाबरोबर काय प्यावे याचे, तज्ज्ञ डोळे मिटून घेतात, आणि त्यांचे चुकत नाही. बाटलीवर बहुतेक वेळा ‘ब्रूट’ लिहिलेले असते, म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. आयसिंगच्या घासावर ती प्यायली की जिभेला आंबट आणि कडू याखेरीज काही कळत नाही. पाहुणे एकमेकांकडे बघून ‘स्मूथ आहे’ म्हणतात आणि ग्लास हळूच टीव्हीमागे सरकवतात.

केकवाल्यांनी मात्र ओशाळायचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन गोडच प्यायची रीत होती. रशियात तर ती पाकाच्या जवळ जाई. लुई रोडेररने १८७६ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरसाठी ‘क्रिस्टल’ काढली, तीही गोडच. कोरडी शॅम्पेन रुजली ती इंग्रज गिऱ्हाइकांच्या आवडीपायी; मादाम पोमेरी यांची १८७४ ची ब्रूट त्यात गाजली. तेव्हा गोडाचा सोस गावंढळ नव्हे, चांगला झारशाही आहे. चुकते ती बाटली. गोडाबरोबर ‘डेमी-सेक’ लागते, लिटरमागे ३२ ते ५० ग्रॅम साखरेची. ती पुरणपोळीशी निभावून नेईल. कटाच्या आमटीची हमी कोणी घेऊ नये.

ब्रूटसाठी तज्ज्ञांची शिफारस काय, तर खारट आणि तळलेले. शॅम्पेन मुळात आंबट. त्यात बुडबुड्यांची भर. दोन्ही मिळून तेलकटपणा धुऊन काढतात, आणि मिठामुळे आंबटपणाची धार उतरते. १९५५ च्या ‘द सेव्हन इयर इच’ या चित्रपटात मर्लिन मन्रो बटाट्याचे वेफर शॅम्पेनमध्ये बुडवून खाते. पडद्यावर तो विनोद होता. आता तीच जोडी तज्ज्ञ मंडळी गंभीर चेहऱ्याने शिकवतात.

खारट आणि तळलेले! हे ऐकून उपनगराने स्वतःचा जाहीर सत्कार करून घ्यायला हवा होता. ८ जून २०१४ ला सुरू झालेली मेट्रो-१ वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला जाते. अंतर ११.४ किलोमीटर, स्थानके बारा. पेअरिंगचा अख्खा अभ्यासक्रम या एका मार्गावर आहे.

पश्चिमेच्या टोकाला वर्सोवा, म्हणजेच वेसावे. शॅम्पेनचा जगन्मान्य जोडीदार म्हणजे ऑयस्टर, आणि तीच कालवं कोळणी पिढ्यानपिढ्या विकत आल्या आहेत. फ्रान्समध्ये ती बर्फावर मांडून, लिंबू पिळून, कच्ची गिळतात. वेसाव्यात त्यांचे सुके होते, कोळी मसाल्यात. मुंबईच्या खाड्यांत काय काय वाहत येते ते पाहता वेसावकरांचा मार्ग अधिक शास्त्रीय मानावा लागेल. शिवाय रव्यात घोळवून तळलेला बोंबील आहेच, बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा. ब्रूटला याहून जास्त काही मागायचा अधिकार नाही.

मध्ये मरोळ नाका. गावठाणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत सणासुदीला फुगे तळले जातात, सॉर्पोटेल शिजते, मनुकांची किंवा जांभळांची घरची वाईन निघते. ही मंडळी पेअरिंगचे तिकीट न काढता कैक पिढ्या वाईनबरोबर जेवत आली आहेत. सहार हेही मुळात त्यांचेच गाव. विमानतळ नंतर आला.

पूर्वेच्या टोकाला घाटकोपर आणि त्याची फरसाणाची दुकाने. जैन गिऱ्हाइकाला बटाटा चालत नाही, म्हणून तिथे कच्च्या केळीचे वेफर, वरून मिरपूड. मीठ आहे, तेल आहे, कुरकुरीतपणा आहे. मन्रोबाईंची अट कंदमुळाशिवाय पुरी होते. मात्र ज्याला बटाटा चालत नाही त्याला शॅम्पेन तरी कशी चालणार! वेफर घाटकोपरला तयार, कालवं वेसाव्यात तयार, बाटली सहारला उतरलेली, आणि मेट्रो दर काही मिनिटांनी तिघांनाही ओलांडून जाते.

बटाटेवड्याचा प्रश्न जरा नाजूक आहे. तिखटावर अल्कोहोल आणि बुडबुडे पडले की आग भडकते, त्यामुळे लसणाची लाल चटणी आणि तळलेली मिरची बाजूला ठेवावी लागेल. हे गाडीवाल्याला सांगायला धैर्य हवे. पण एक गोष्ट वड्याच्या बाजूची आहे. शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते आणि निकामी झालेल्या यीस्टच्या गाळावर किमान बारा महिने पडून राहते. त्यातून भाजलेल्या पावाचा वास येतो. तज्ज्ञ ‘ब्रिओश’ म्हणतात. पहाटे अंधेरीतल्या बेकरीसमोरून गेलेल्या कोणालाही तो ओळखता येईल. म्हणजे पाव बाटलीतच आहे, फक्त वडा आणायचा.

हे सगळे परक्यांचे चोचले म्हणून हसण्यावारी न्यावे, तर नारायणगाव आडवे येते. तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या पायपर-हायडसिकचे तांत्रिक साहाय्य घेऊन शॅम्पेनच्या पद्धतीने वाईन काढली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावाने गेली, देशात ‘मार्क्विस द पॉम्पादूर’. जुन्नर तालुक्यात एकीकडे ढोलकी आणि दुसरीकडे पंधराव्या लुईच्या प्रेयसीचे नाव, ही जोडी कोणत्याही तज्ज्ञाला सुचली नसती. त्यांची कंपनी २०१० च्या सुमारास बुडाली. पुढे २०१३ मध्ये शाँदों कंपनीची वाईन दिंडोरीहून बाजारात आली. मालक फ्रेंच, पद्धत तीच, पण लेबलवर ‘शॅम्पेन’ लिहायची सोय नाही. ते नाव फ्रान्समधल्या एका प्रदेशाचे आणि भारतातही भौगोलिक मानांकनाने राखलेले. अंधेरीच्या पार्टीत तिला सर्रास शॅम्पेनच म्हणतात. कायदा लेबलपुरता आहे.

कायद्यांचेच म्हणाल तर सरकारची स्वतःची जोडी सगळ्यांत धाडसी आहे. वाईनउद्योगाला उत्तेजन देणारे २००१ चे धोरण आणि १९४९ चा दारूबंदी कायदा, दोन्ही एकाच ताटात. विदेशी मद्य प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत, आजन्म हवा तर हजारात. तो दिला जातो प्रकृती राखण्यासाठी. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने शंभर चौरस मीटरच्या वरच्या सुपरमार्केटांत वाईन विकायला मुभा दिली. वाईन म्हणजे दारू नव्हे, असा खुलासा संजय राऊत यांनी केला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय कागदावर राहिला. मुलुंडच्या सुपरमार्केटात वेफरच्या रांगेशेजारी जागा होती, तिथे आता आणखी वेफर आहेत.

या साऱ्यात एक पदार्थ राहूनच गेला. मीठ, शेंगदाण्याचे कूट, बाहेर खरपूस कवच, आत मऊ चिकट गाभा. मिरची बेताची घातली तर ब्रूटसाठी साबुदाणावड्यासारखा जोडीदार शोधून सापडणार नाही. उपनगरात तो घरोघरी तळला जातो तो आषाढी एकादशीला, आणि त्या दिवशी राज्यात ड्राय डे असतो. दुकान द्वादशीला उघडते. तोवर वडे संपलेले असतात.