नव्या लाकडाचं वार्धक्य

लाकडाला म्हातारपण आणायचे मार्ग दोन. पहिला वर्धा जिल्ह्यात फुकट मिळतो: उन्हाळ्याचं 45 अंशांचं ऊन लाकडातलं लिग्निन मोडतं, पावसाळा ते धुऊन नेतो आणि गोठ्याच्या दाराला रुपेरी करडेपणा चढतो. याला वर्षं लागतात, म्हणून दुसरा मार्ग निघाला. कोरं लाकूड तारेच्या ब्रशने खरवडायचं, साखळीने बडवायचं, टोच्याने किड्यांची भोकं पाडायची (किडा तेवढा वगळून) आणि लोखंडी खिळे मुरवलेलं व्हिनेगर वरून पुसायचं. लोह आणि टॅनिन एकत्र आले की दोन पिढ्यांचा काळपटपणा तासाभरात हजर. मग मेण, मग किंमत.

बंडीला रबरी टायर आले तेव्हा अंगणात टाकलेलं लाकडी चाक आता दिवाणखान्यात झुंबर होऊन लटकतं. याच जिल्ह्यात सेवाग्रामला गांधीजींचं आदि निवास 1936 मध्ये माती-बांबूचं उभं राहिलं. साधेपणावर वेगळं पॉलिश चढवण्याची सोय तेव्हा नव्हती.

भोकं पाडलेल्या या फळ्यांवर अखेरीस वाळवीप्रतिबंधक औषध मारतात. खरी भोकं पडल्यास ग्राहक तक्रार करतो.