कुकर निघाला तिरुवनंतपुरमला

रस्त्याने न्यायच्या मालाचे कायद्याच्या नजरेत दोन प्रकार पडतात. ज्याचे तुकडे करता येतात तो एक, आणि ज्याचे करता येत नाहीत तो दुसरा. ऊस, कडबा, कापूस, वाळू, कांदा हा पहिल्या प्रकारचा माल. जास्त झाला तर थोडा उतरवावा, दुसऱ्या गाडीत भरावा, मापात बसवावा, अशी कायद्याची साधी अपेक्षा असते. प्रत्यक्षात कडब्याची गाडी दोन्ही अंगांनी इतकी फुगलेली असते, की मागून येणाऱ्याला ती गाडी न वाटता चालू लागलेले शेत वाटते. हा माल मापात बसवणे शक्य असल्यामुळे त्याला जादा मापाची परवानगी मिळत नाही. आणि मिळतच नाही म्हटल्यावर ती मागायलाही कोणी जात नाही. त्यामुळे परवानगीचे सारे शास्त्र उरते ते दुसऱ्या प्रकारच्या मालासाठी. वीजकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर, पवनचक्कीचे पाते, रिफायनरीची टाकी. यांचे तुकडे करता येतात, पण मग पोहोचते ते भंगार.

या जातीच्या मालाला वाहतूकवाले ‘ओडीसी’ म्हणतात. हे ‘ओव्हर डायमेन्शनल कार्गो’चे लघुरूप, म्हणजे अवाढव्य मापाचा माल. नुसता जड असेल तर त्याची जात वेगळी. दोन्ही आजार एकाच मालाला झालेले असण्याची शक्यता अर्थातच मोठी.

महाराष्ट्रातून निघालेल्या ओडीसींमध्ये सर्वांत गाजलेला प्रवास केला तो एका ऑटोक्लेव्हने. ऑटोक्लेव्ह म्हणजे स्वभावाने प्रेशर कुकरच. आत डाळभाताऐवजी अग्निबाणाचे हलके पण चिवट भाग ठेवतात आणि उष्णता व दाब देऊन ते पक्के करतात. हा कुकर इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी होता आणि त्याला तिरुवनंतपुरमच्या वट्टियूरकावू भागात जायचे होते. वजन ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी सुमारे ७ मीटर. वाहन ७४ चाकांचे, सोबत बत्तीसेक माणसे. अंतर सुमारे १,७०० किलोमीटर. प्रस्थान ८ जुलै २०१९.

प्रस्थान म्हटले की पहिला प्रश्न कागदांचा. मोटार वाहन कायदा १९८८चा, त्याखालचे केंद्रीय नियम १९८९चे. त्यांतल्या ९३व्या नियमाने वाहनाची रुंदी २.६ मीटरवर आणि मालमोटारीची उंची त्या वेळी ३.८ मीटरवर बांधून ठेवली होती. वजनाच्या बाबतीत सरकार नुकतेच उदार झालेले. २०१८च्या जुलैत चार टायरच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली आणि मोठ्यांतल्या मोठ्या मालमोटारीला मालासकट ५५ टनांपर्यंत मुभा मिळाली. कुकर एकटाच ७० टनांचा. म्हणजे गाडी वजा केली तरी गुन्हा शिल्लक.

कायद्याचे ११४वे कलम अशा वेळी फार मनोरंजक होते. जादा वजनाचा संशय आला, तर अधिकारी गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो. मात्र तो काटा पुढच्या वाटेपासून १० किलोमीटरच्या किंवा मुक्कामापासून २० किलोमीटरच्या आत हवा. वजन जास्त भरले, तर चालकाने जादा माल स्वतःच्या जबाबदारीवर उतरवायचा आणि वजन उतरेपर्यंत गाडी हलवायची नाही. उसाच्या बाबतीत हे जमते. सत्तर टनांच्या एकसंध लोखंडातले जादाचे पंधरावीस टन रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवायचे कसे, हे कलम सांगत नाही. म्हणून कायद्यातच सुटकेची खिडकी ठेवलेली आहे: सक्षम अधिकाऱ्याने विशिष्ट मालासाठी सूट दिली असेल, तर माल बाजूंनी किंवा वर बाहेर आल्याचा दंड लागत नाही. हा ‘सक्षम अधिकारी’ मात्र एका खुर्चीत सापडत नाही.

कारण रस्ता दिसायला एक असतो, मालक अनेक असतात. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचा. राज्य महामार्ग राज्याच्या बांधकाम खात्याचा. गावाकडचा रस्ता जिल्हा परिषदेचा, शहरातला महापालिकेचा. गाडीचा परवाना आरटीओचा, वाहतूक थांबवणारा हात पोलिसाचा. वरची तार महावितरणची, खालचे रूळ रेल्वेचे. मधे आलेली फांदी शहरात असेल तर वृक्ष प्राधिकरणाची. प्रत्येकाला अर्ज, प्रत्येकाला नकाशा. मार्गावरच्या पुलांची यादी द्यायची, कोणत्या ॲक्सलवर किती भार येतो तो तक्ता जोडायचा, रस्त्याचे नुकसान झाल्यास भरून देण्याचे हमीपत्र लिहून द्यायचे. कुकर हलण्याआधी त्याची फाइल बरीच हिंडून आलेली असते. सरकारी मनुष्य हौसेने उशीर करतो असा प्रवाद आहे, पण इथे त्याची बाजू खरी आहे. पूल खचला तर सहीखालचे नाव त्याचे असते, कुकरचे नव्हे.

कागद झाले की रस्ता. भारतातल्या दोनपदरी रस्त्याची डांबरी रुंदी ७ मीटर धरलेली असते. कुकरची रुंदीही तेवढीच. शिंप्याने अंगावर बेतावा तसा रस्ता कुकरच्या मापाचा निघाला. समोरून कोणीच येऊ नये एवढीच काय ती अट राहिली. अशा मालाच्या पुढे पायलट गाडी असते, मागे लाल झेंडे आणि लाल दिवे असतात, आणि त्यांच्याही मागे जिल्ह्यातली उरलेली वाहतूक असते. पुढे जायला न मिळालेला दुचाकीस्वार प्रथम हॉर्न वाजवतो, मग शिव्या देतो, मग मोबाइल काढून फोटो घेतो आणि शेवटी उतरून चालणाऱ्या माणसांना रस्ता सुचवू लागतो. चौथ्या अवस्थेला पोहोचलेला मनुष्य सहसा घरी जात नाही.

टोलनाक्यावर नवीनच पेच. नाक्याची साधी लेन ३.२ मीटरची, पण अवाढव्य मालासाठी कडेला खास साडेचार मीटरची लेन ठेवायचा दंडक आहे. जाड्या पाहुण्यासाठी मुद्दाम मोठी खुर्ची आणून ठेवावी आणि पाहुणा दारातच अडकावा, तसे हे. सात मीटरचा माल आला की दुभाजक काढ, बूथच्या बाहेरून वाट काढ, असले उद्योग करावे लागतात. टोलमाफी मात्र नसते. नियमावलीत सात व त्याहून अधिक ॲक्सलच्या वाहनांचा सर्वांत महाग वर्ग अशा प्रवाशांसाठीच काढलेला आहे.

उंचीचा हिशेब त्याहून कडू. महामार्गावरून जाणाऱ्या पुलाखाली साडेपाच मीटरची मोकळी जागा ठेवायचा प्रघात आहे. कुकर साडेसातचा, तोही ट्रेलरवर बसलेला. त्यामुळे डोक्यावरून काही जाणार असेल तर ते कुकरला वर्ज्य: उड्डाणपूल, पादचारी पूल, दिशादर्शक पाटीची कमान, ‘हार्दिक स्वागत’ लिहिलेली ग्रामपंचायतीची वेस. जिथे पुलाखालून जाता येत नाही तिथे बाजूच्या रस्त्याने वळसा घ्यायचा, आणि बाजूचा रस्ता नसेल तर तो तयार करायचा. या प्रवासात खरोखरच कुठे रस्ते दुरुस्त करावे लागले, कुठे झाडे काढावी लागली, कुठे पुलांना आधार द्यावा लागला. प्रवासी रस्त्याने जातो हे सर्वमान्य आहे. रस्ता प्रवाशासाठी जातो असे दृश्य राजेमहाराजांनंतर कुकरच्याच वाट्याला आले.

विजेच्या तारांपाशी गावाचा आणि मालाचा खरा परिचय होतो. वायरमन येतो, शटडाऊन घेतो, तारा उतरतात, माल पुढे सरकतो, तारा पुन्हा चढतात. एवढ्यात गावातली पिठाची गिरणी थांबलेली असते, कोणाच्या घरातली मालिका ऐन वळणावर बंद पडलेली असते. वीज का गेली याचे उत्तर एरवी गावाला कधीच मिळत नाही. इथे ते ७४ चाकांवर बसून डोळ्यांसमोरून जाते, त्यामुळे लोक रागावण्याऐवजी ओट्यावर खुर्च्या आणून बसतात.

रेल्वे फाटक हा सर्वांत कडक सासुरवाडीचा उंबरठा. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कमान असते आणि तिची उंची पाच मीटरच्या आतच असते, कारण वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. त्याहून उंच माल न्यायचा तर रेल्वेकडून वीज बंद आणि गाड्याही बंद अशी वेळ मागून घ्यावी लागते. मुंबईकराला हिचे नाव सांगायला नको. रविवारच्या सकाळी ज्याने त्याला छळलेले असते तो हाच ब्लॉक. फक्त इथे तो एकट्या प्रवाशाच्या सोयीसाठी असतो.

पुलावरून जाताना विनोद थोडा बाजूला ठेवावा लागतो. जड माल नेणारे ट्रेलर इतक्या चाकांचे असतात ते हौस म्हणून नव्हे. पुलाला एकूण वजनापेक्षा ते एका जागी किती टेकते याची धास्ती जास्त. वजन अनेक ॲक्सलवर पसरले आणि हायड्रॉलिक यंत्रणेने प्रत्येकाला सारखा वाटा दिला, की पूल निश्चिंत. भारतीय रस्ते काँग्रेसच्या ‘आयआरसी ६’ या संहितेत निवडक मार्गांवरच्या पुलांसाठी ३८५ टनांचे एक कल्पित वाहन दिलेले आहे, वीस ॲक्सलच्या ट्रेलरचे. ते पुलावर एकटेच असेल, पुलाच्या मध्यापासून ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त ढळणार नाही आणि ताशी ५ किलोमीटरपेक्षा वेगाने जाणार नाही, असे गृहीत धरून गणित करतात. वाऱ्याचा आणि ब्रेकचा जोर त्यात धरत नाहीत. खऱ्या वाहनानेही मग तसेच वागावे लागते: पूल रिकामा करायचा, मधोमध जायचे, हळू जायचे आणि मधेच ब्रेक मारायचा नाही. भारतीय रस्त्यावर या चार गोष्टी एकाच वेळी करणारे दुसरे वाहन दाखवणे अवघड आहे.

राज्याची सीमा आली की सगळे पहिल्यापासून. माल तोच, माप तेच, चाके तीच. पण पोलीस नवे, वीजमंडळ नवे, बांधकाम खाते नवे आणि पत्राची भाषाही नवी. कायदा केंद्राचा असला तरी अंमल राज्याचा, त्यामुळे मागच्या राज्याने शहाणा ठरवलेला माल पुढच्या राज्यात पुन्हा संशयित म्हणून उभा राहतो. तेलुगूत पटवून झाले की तमिळमध्ये पटवायचे, तमिळमध्ये पटले की मल्याळममध्ये. कुकरला यातली एकही भाषा येत नसल्यामुळे हा भार सोबतच्या माणसांवर पडतो.

दरम्यान चाकांखालचा कायदाही हलला. १ सप्टेंबर २०१९पासून सुधारित मोटार वाहन कायद्याचे नवे दंड लागू झाले. जादा वजनाचा दंड २ हजारांवरून २० हजारांवर गेला, शिवाय वरच्या दर टनाला २ हजार. वजन करायला नकार दिला तर ४० हजार. पुढे २०२०च्या जूनमध्ये केंद्राने ९३व्या नियमात बदल करून मालमोटारीची उंची ३.८ मीटरवरून ४ मीटरवर नेली. साडेसात मीटरच्या कुकरला यातून वीस सेंटिमीटरचा दिलासा मिळाला.

मार्च २०२०च्या अखेरीस टाळेबंदी आली आणि माल आंध्रात अडकून पडला. महिनाभर एक चाक फिरले नाही. परवानगीच्या पत्रांना मुदत असते. साथीच्या रोगाला ती नसते. थांबण्यासाठी मात्र कोणाची परवानगी लागली नाही. साऱ्या प्रवासातला तो एवढाच टप्पा परवानगीविना पार पडला.

या वेगाची तुलना करायची तर घरातूनच सुरुवात करावी. कुकर निघाला त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २२ जुलै २०१९ रोजी, इस्रोचे चांद्रयान-२ श्रीहरिकोट्याहून उडाले आणि २० ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरले. पावणेचार लाखांहून अधिक किलोमीटर महिनाभरात झाले. वाटेत राज्याची सीमा नव्हती, टोलनाका नव्हता, महावितरणची तार नव्हती. तिकडे चंद्र गाठून झाला, इकडे अग्निबाण घडवायचे यंत्र अजून रस्त्यावरच होते.

वारीशी तुलना केली तरी कुकर मागेच पडतो. आळंदीहून निघालेली पालखी अडीचशे किलोमीटर तीन आठवड्यांच्या आत तुडवते, म्हणजे रोजचे बारा-तेरा किलोमीटर, तेही मुक्काम, रिंगण आणि भजने धरून. कुकरची रोजची सरासरी साडेचार. तो निघाला त्यानंतर चार दिवसांनी, १२ जुलै २०१९ला, आषाढी झाली. पुढची आषाढी १ जुलै २०२०ची. त्या वर्षी साथीमुळे माउलींच्या पादुका एसटीने एका दिवसात पंढरपूरला पोहोचल्या. कुकर तेव्हाही वाटेतच होता.

केरळात तो शिरला तेव्हा तिरुवनंतपुरम शहरात तिहेरी टाळेबंदी चालू होती आणि लोकांना विनाकारण घराबाहेर पडायला बंदी होती. वर्षभर गावोगाव ज्याच्यासाठी ओट्यावर खुर्च्या आल्या, तो अशा शहरात जाऊन पोहोचला. प्रवासाला ३७७ दिवस लागले. तारीख होती १९ जुलै २०२०. वार रविवार, कार्यालयीन सुटीचा.