मा. रंगाचा डबा यांस खुले पत्र

प्रति,
मा. रंगाचा डबा (२० लिटर),
प्रभारी ओल-निवारण अधिकारी,
सर्व ऑफिस इमारती, मॉल व हॉटेले, मुंबई आणि कोकणपट्टी.

विषय: व्यापारी इमारतींतील ओलीचा शोध व बंदोबस्त, तसेच सदर पदावरून मुक्त करण्याबाबत.

महोदय,

ओल इमारतीत चार वाटांनी शिरते. पावसाचे पाणी छतातून आणि बाहेरच्या भिंतीतून येते, नळाचे व सांडपाण्याचे पाणी पाइपांतून, जमिनीतले पायातून आणि वाफ हवेबरोबर. यांपैकी एकही वाट रंगाच्या हाताने बंद होत नाही. तरीही दर दिवाळीपूर्वी डब्याची नेमणूक होते आणि पुढच्या जुलैत पोपडे सुटतात. यात डब्याचा दोष नाही. ज्याला डाग झाकायला बोलावले, त्याने डाग झाकला.

ओल ओळखण्याचे पहिले साधन नाक. सोमवारी सकाळी ऑफिस उघडताच येणारा कुबट वास पाहुण्याला लगेच जाणवतो. रोज बसणाऱ्यांना तो येईनासा झालेला असतो, म्हणून ‘वास वगैरे काही नाही’ हा कर्मचाऱ्यांचा निर्वाळा पुराव्यात धरू नये. त्यानंतर डोळे: फॉल्स सीलिंगवर चहाच्या कपाने उमटावे तसे तपकिरी कडे, भिंतीला लागलेला पांढरा लोणा, जिप्सम बोर्डाच्या तळाशी फुगलेला कागद. मग वेळ पाहावी लागते. डाग पावसानंतर काही तासांनी वाढत असेल, तर छत किंवा बाहेरची भिंत. ऐन मे महिन्यातही ओला असेल, तर बहुधा पाइप. एसी चालू असतानाच ओला होत असेल आणि पावसाशी त्याचा संबंध दिसत नसेल, तर हवेतली वाफ किंवा एसीचे तुंबलेले पाणी. जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटर-दीड मीटरच्या वर जात नाही, त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या डागाचे खापर पायावर फोडणारा ठेकेदार निदान कल्पक तरी म्हणावा.

शंका उरलीच, तर प्लास्टिकचा हातभर चौकोन चारही कडांनी भिंतीवर चिकटवून एक-दोन दिवस ठेवतात. खोलीकडच्या बाजूवर दव साचले तर पाणी हवेतले, भिंतीकडच्या बाजूवर साचले तर भिंतीतले. या चाचणीचा खर्च प्रायमरच्या पहिल्या हाताहूनही कमी आहे, आणि ती टाळण्याचे कारणही बहुधा तेच असावे. थर्मल कॅमेऱ्याचे रंगीत फोटो अहवालात शोभतात, पण तो कॅमेरा पाणी पाहत नाही, तापमान पाहतो. ओली जागा बाष्पीभवनाने गार पडते म्हणून वेगळी दिसते. एसीचा झोत लागणारी कोरडी जागाही तशीच दिसते. फोटोतल्या जागेवर ओलावामापक टेकवल्यावाचून निष्कर्ष काढत नाहीत.

हवेतल्या वाफेची वाट ही व्यापारी इमारतींची खासियत आहे आणि तिचीच दखल सर्वांत कमी घेतली जाते. पावसाळ्यात मुंबईची हवा २७ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. म्हणजे २४ अंशांहून गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर ही हवा पाणी सोडते. एसीच्या झडपेतून येणारी हवा १२ ते १४ अंशांची असते आणि थंड पाण्याचे पाइप त्याहून बरेच गार असतात. त्यांच्या वेष्टनाला एक चीर पडली, की तिथून थेंब गळू लागतात. लोक त्याला गळती म्हणतात आणि प्लंबर बोलावतात.

या वाफेचे प्रमाण मोजून पाहावे असे आहे. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या ऑफिसात एक किलो हवेत साधारण ९ ग्रॅम पाणी असते; बाहेरच्या त्या पावसाळी हवेत १९ ग्रॅम. पंचवीस-तीस माणसांच्या ऑफिसला तासाला हजार घनमीटर ताजी हवा लागते, असे धरले तर तिच्याबरोबर तासाला सुमारे ११ लिटर जादा पाणी आत येते. ते काढणे हे एसीचे काम, पण त्यासाठी एसी बराच वेळ चालत राहावा लागतो. ‘असू द्या, मोठाच बसवा’ म्हणून गरजेच्या दीडपट क्षमतेचे यंत्र घेतले, की ते खोली पटकन गार करते आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवर साचलेले पाणी परत खोलीत उडवतो. खोली गार, तरी चिकचिकीत. मग कर्मचारी तापमान २० वर आणतात, पृष्ठभाग आणखी गार होतात, आणखी दव धरते. या सहकार्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

दुसरी चूक हवेच्या दाबाची. स्वच्छतागृहे आणि स्वयंपाकघर यांचे एक्झॉस्ट पंखे जेवढी हवा बाहेर टाकतात, तेवढी ताजी हवा यंत्रातून आत आली नाही, तर इमारत ती फटींतून ओढून घेते, तीही कोरडी न केलेली. हॉटेलांत याचा परिणाम विनाइल वॉलपेपरच्या मागे दिसतो. बाहेरून आलेली वाफ त्या प्लास्टिकपाशी अडते, गार पाठीवर तिचे पाणी होते आणि बुरशीचे गुलाबी-काळे ठिपके उमटतात. वॉलपेपर बदलला, की नव्या गोंदावर बुरशीची नवी पंगत बसते.

बंदोबस्ताचा क्रम यावरून ठरतो: आधी पाणी, मग डाग. गच्चीचा उतार आणि पावसाचे पाइप जूनच्या आधी तपासावेत. काचेच्या दर्शनी भिंतींचे सीलंट ऊन खाऊन कडक होते, ते ठरावीक काळाने बदलावे. एसीच्या ड्रेन पॅनला ट्रॅप हवा आणि तो साफ हवा. शेवाळाने तुंबलेला पॅन फॉल्स सीलिंगवरच सांडतो. ताजी हवा आत सोडण्यापूर्वी स्वतंत्र यंत्रात कोरडी करणे हा दमट प्रदेशातला सर्वांत खात्रीचा उपाय आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सल्ल्यानुसार आतली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवावी आणि भिजलेले सामान २४ ते ४८ तासांत वाळवावे, कारण त्यानंतर बुरशी बस्तान मांडते. बुरशीवरून रंग फासू नये, असेही ती संस्था सांगते. डब्याने हे वैयक्तिक टीका म्हणून घेऊ नये.

काँक्रीटच्या बाबतीत मात्र थट्टेला जागा नाही. ओल गजापर्यंत पोचली की तो गंजतो, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि वरचे काँक्रीट फुटून निघते. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तपासणीच्या आधल्या आठवड्यात दिलेला रंग या तपासणीचे काम फक्त अवघड करतो.

डब्याची फेरनेमणूक पुढील अटींवर करता येईल. गळतीचा उगम सापडून बंद झालेला असावा, प्लास्टर आतून वाळल्याचे ओलावामापकाने दिसावे, लोणा ब्रशने कोरडाच झाडलेला असावा, आणि निवडलेला रंग भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देणारा असावा. जाड प्लास्टरला वाळायला महिनेही लागू शकतात, आणि उद्घाटनाची तारीख त्याला ठाऊक नसते. तोवर डब्याने झाकण घट्ट लावून एखाद्या कोरड्या खोलीत मुक्काम करावा. तळघरात जाऊ नये, तिथला पंप बंद आहे.

आपली,
पश्चिमेकडील भिंत,
चौथा मजला